तारांगणात लोकांना काय दाखवायचं? आधी दोन चेंडू आणा

तुमची अडचण अशी की छोट्या तारांगणात महिन्यातून एकदा लोकांसाठी कार्यक्रम करायचं काम गळ्यात पडलंय, आणि तयार फिल्म लावली की दहाव्या मिनिटाला मागच्या रांगेत मोबाईल चमकायला लागतात. मी हेच काम बरीच वर्षं व्हॉलंटियर म्हणून केलंय, म्हणून जरा लांबड लावतो.

फिल्म शेवटी ठेवा, तीही छोटी. सुरुवात दिवे चालू असतानाच करायची. एक बास्केटबॉल आणि एक टेनिस बॉल घ्या, मोठा म्हणजे पृथ्वी, छोटा म्हणजे चंद्र, आकाराचं प्रमाण जवळपास बरोबर बसतं. कुठल्यातरी पोराच्या हातात चंद्र द्या आणि म्हणा, जा, बरोबर अंतरावर उभा राहा. हमखास हातभर लांब उभं राहतं. मग बाकीचे ओरडतात अजून मागे, अजून मागे, आणि तुम्ही गप्प बसायचं (हेच सगळ्यात अवघड आहे). खरं अंतर सात मीटरच्या थोडं वर येतं, पोरगं पार दाराशी जातं. आता विचारा, स्पेस स्टेशन कुठे? सगळे मधल्या रिकाम्या जागेत बोट दाखवतात. ते साधारण 400 किलोमीटरवर आहे, म्हणजे आपल्या चेंडूपासून जेमतेम पाऊण सेंटीमीटर, करंगळीसुद्धा मावणार नाही! आणि मंगळ अगदी जवळ येतो तेव्हाही एक किलोमीटरवर. इथे मोबाईल आपोआप खिशात जातात.

मग कोणीतरी विचारतंच की अपोलो 11 चार दिवसांत चंद्रावर उतरलं, मग चांद्रयान-3 ला 14 जुलै ते 23 ऑगस्ट 2023 एवढे 40 दिवस का लागले? इथे झोक्याचं उदाहरण चालतं. अपोलोकडे सॅटर्न 5 सारखं राक्षसी रॉकेट होतं, त्याने सरळ ढकललं. आपलं रॉकेट त्यामानाने लहान, म्हणून यान पृथ्वीजवळून जाताना थोडं थोडं इंजिन चालवायचं, तसं प्रत्येक धक्क्याला कक्षेचं लांबचं टोक आणखी लांब जातं आणि मग चंद्राकडे सुटायचं. वेळ जातो, पण मोठं रॉकेट लागत नाही. बास्केटबॉलभोवती दोरीचे लांबट वेढे करून दाखवा, लहान मुलांनाही कळतं.

घुमटाखाली दिवे हळूहळू घालवा आणि दोन-तीन मिनिटं एक शब्द बोलू नका. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, त्यामुळे पहिल्या मिनिटाला अंधुक तारे दाखवून फायदा नाही. पन्नास तारकासमूह तर अजिबात नको. मृग नक्षत्राच्या पोटातला बाण (एका ओळीतले तीन तारे) मागे वाढवला की व्याध हा ठळक तारा सापडतो एवढं एक धड शिकवा, ते माणूस घरी जाऊन शोधतो. व्याधाचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षांच्या आसपास लागतात, तेव्हा आठ-नऊ वर्षांचं मूल समोर असेल तर सांगा की हा उजेड निघाला तेव्हा तू नुकता जन्मलेला होतास. असली आकडेमोड आईबापच जास्त मन लावून ऐकतात, काय माहीत का.

दुर्बिणीची रात्र पौर्णिमेला ठेवू नका. मी एकदा हौसेने ठेवली, लोक रांगेत उभे राहिले, डोळे चोळत 'नुसतं पांढरं दिसतंय' म्हणत निघून गेले. शुक्ल अष्टमीच्या आसपास ठेवा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि चंद्र खडबडीत दिसतो. शनी असेल तर आधीच सांगून टाका की फोटोसारखा मोठा नाही दिसणार, छोटासाच दिसेल पण कडं दिसेल. तरी एखादा गृहस्थ नळीच्या पुढच्या टोकाला जाऊन बघतोच, स्टिकर चिकटवलाय का म्हणून :)

दुर्बिणीपाशी एक माणूस कायम हवा, कारण मोटर नसेल तर पृथ्वी फिरते तसा शनी मिनिटभरात बाहेर सरकतो आणि रांगेतला पुढचा माणूस काळोख बघून 'वा, छान' म्हणतो. लाजेपोटी. म्हणून दर दोघांमागे स्वतः डोळा लावून बघत जा. लहान मुलांसाठी स्टूल ठेवा, नाहीतर ती नळीला लोंबकळतात.

ढग आले तर रद्द करू नका, चेंडू आहेतच.