चित्रावरून कथा: पहिल्यांदा लिहिताना

चित्र पाहून कथा लिहायच्या स्पर्धेत पहिल्यांदाच भाग घेताय, तर चित्राचं वर्णन करायचा मोह आधी सोडा. परीक्षकांसमोर तेच चित्र असतं. समजा चित्रात पिवळी भिंत आणि रिकामी खुर्ची आहे, तर ती त्यांनाही दिसतेच आहे. चित्रात जे नाही ते शोधा. खुर्चीवरून कोण उठून गेलं? ते परत येऊ नये असं कुणाला वाटतंय? कथा या दुसऱ्या प्रश्नात आहे, कारण तिथे कुणाला तरी काहीतरी हवंय.

पहिली सुचलेली कल्पना बाजूला ठेवा, ती बऱ्याच जणांना सुचते. तिसरी-चौथी घ्या.

मग एवढं पाळा:

- मर्यादा ५०० शब्दांची असेल तर पात्रं दोन, फार तर तीन. प्रसंग एकच.
- सुरुवात घटनेच्या अगदी जवळून करा. हवामानाचा परिच्छेद सरळ कापा.
- चित्रातली वस्तू कथेत कामाला लागली पाहिजे. नुसता उल्लेख असेल तर जुनी कथा चित्राला चिकटवल्यासारखी वाटते, आणि तिथेच गुण जातात.

‘ते सगळं स्वप्न होतं’ हा शेवट कृपया नको.

पहिला खर्डा शंभरेक शब्द जास्त होऊ द्या, मग मोठ्याने वाचत काटछाट करा. निवेदनाचे, म्हणजे कथा कोण आणि कशी सांगतंय याचे, प्रयोग सध्या राहू द्यात. शब्दसंख्येत शीर्षक धरतात का, ते मात्र पाठवण्याआधी नियमांत बघा.