पुढची चाकं जागीच फिरतात. रुंद टायर घालू की डिफरन्शियल बदलू?

तुमची गाडी टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, टॉर्क (म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर) २५० न्यूटन-मीटर. सिग्नलवरून निघताना पहिल्या गिअरमध्ये पुढची चाकं जागीच फिरतात, पावसात दुसऱ्या गिअरमध्येही. त्यावर रुंद टायर घ्यावेत की इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारं डिफरन्शियल बदलून एकच चाक फुकट फिरू न देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवावं, असं तुम्ही विचारलंय.

सध्या दोन्ही नको. आधी टायरचं वय आणि इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन धरून ठेवणारी रबरी माउंटिंग, बघा. मी इंदूरला राहतो, माझीही गाडी जवळपास अशीच आहे, आणि हे दोन्ही न बघता मी दोन पावसाळे काढले, म्हणून सांगतोय.

आधी हिशेब मांडू, म्हणजे दोष कुठे आहे ते दिसेल. ड्रायव्हरसकट गाडी १,३५० किलो धरा. त्यातले साधारण ८०० किलो पुढच्या चाकांवर. जोरात निघालात की वजन मागे सरकतं, पुढे उरतात ६८० च्या आसपास. कोरड्या डांबरावर बऱ्या टायरची पकड वजनाच्या नऊ-दशांश धरली, तर चाकं ६०० किलोच्या थोड्या वर ओढ पेलू शकतात. ओल्या रस्त्यावर सव्वाचारशे. आता इंजिनाकडून काय येतं? पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स टॉर्कची जवळजवळ चौदा पट करतो. चाकाच्या कडेला ती ओढ हजार किलोच्या वर जाते. दुसऱ्या गिअरमध्ये सहाशेच्या आसपास. म्हणून पहिल्यात पूर्ण दाबलं की चाक फिरणारच, आणि दुसऱ्यात कोरड्यात कसंबसं धरतं, पावसात सुटतं. तुमची गाडी बिघडलेली नाही, ती गणितानुसारच वागतेय.

याच गणितामुळे डिकीत वजन ठेवण्याचा सल्ला चुकीचा ठरतो. आमच्याकडे जुनी अ‍ॅम्बेसेडर होती. चिखलात रुतली की काका दोघांना डिकीवर बसवायचे आणि गाडी निघायची, कारण तिची ओढ मागच्या चाकांना होती. तुमच्या गाडीत तेच केलंत तर पुढची चाकं आणखी हलकी होतील. मागे तिघं बसले आणि डिकी भरली की चाकं जास्त फिरतात, तेही यामुळेच. भेरूघाटाच्या चढावर तर हे लगेच जाणवतं.

आता फाउंडेशन. चाकं नुसती सुर्रकन फिरतात, की धाड-धाड-धाड अशी उसळतात? माझी उसळायची, डॅशबोर्डपर्यंत हादरा यायचा. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, मला हँडब्रेक ओढून ब्रेकवर पाय ठेवायला सांगितला आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडायला लावला. इंजिन बोटभर उचललं गेलं. गाडी वर घेतल्यावर खालचं, इंजिनाला मागे-पुढे झुलण्यापासून धरणारं माउंटिंग बघितलं, तर रबर मधून चिरलेलं. अंगठ्याचं नख आत जात होतं. इंजिन झुललं की चाकाला टॉर्क झटक्याझटक्याने पोचतो, टायर धरतो-सोडतो-धरतो. ते माउंटिंग आणि लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बूश बदलले आणि उसळणं थांबलं. चाक अजून फिरायचं, पण सरळ, पायाच्या ताब्यात. कडक पॉलियुरेथेनचे बूश मिळतात, पण रोजच्या गाडीत सगळी थरथर केबिनमध्ये येते. मी तरी कंपनीचं रबरच घेईन.

टायरवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. माझ्या टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून मी निश्चिंत होतो. पण रबर सहा वर्षांचं, इतकं कडक की नख रुतत नव्हतं. कायद्याने १.६ मिलिमीटर खोली चालते, पावसाळ्यासाठी मी ३ च्या खाली जाऊ देत नाही. रुंद टायर कोरड्यात थोडी मदत करतो, साचलेल्या पाण्यावर मात्र लवकर तरंगतो. त्यापेक्षा कंपनीच्याच मापात मऊ रबराचा टायर घ्या. बाजूला ट्रेडवेअरचा आकडा असेल तर तो जितका कमी तितकं रबर साधारणपणे मऊ, आणि झीजही जास्त. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, पकड वाढेल म्हणून कमी करू नका. आणि कृपा करून नवे दोन पुढे, गुळगुळीत दोन मागे असं करू नका. पावसात वळणावर मागची बाजू सुटली तर गाडी सावरणं फार कठीण जातं. चारही घ्या.

पायाचं म्हणाल तर इंजिन हळू फिरत असताना टर्बो सुस्त असतो. काही होत नाही म्हणून आपण आणखी दाबतो आणि मग सगळा टॉर्क एकदम येतो. दीड हजार आरपीएमवर, पाव अ‍ॅक्सिलरेटरवर क्लच पूर्ण सोडा, नंतरच वाढवा. स्टिअरिंग सरळ झाल्याशिवाय दाबू नका. पलासियाच्या चौराह्यावर पहिल्या पावसात मी उजवीकडे वळता वळता दाबलं, आतलं चाक झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यावर आलं आणि गाडी वळायचीच थांबली, सरळ पुढे निघाली. जागीच फिरणाऱ्या चाकाने गाडी वळवताही येत नाही, ही यातली खरी भीती. अशा वेळी पाय अर्धा उचला. एकदम सोडला तर झटका बसतो. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकांचं असं फिरणं आपोआप आवरणारी यंत्रणा, चालूच ठेवा, चिखलातून निघायचं असेल तेवढंच बंद करा. गाडी रीमॅप केलेली असेल, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेलं असेल, तर ते करणाऱ्या ट्यूनरला पहिल्या दोन गिअरमध्ये टॉर्क कमी करायला सांगा. बऱ्याच इंजिनांत ते जमतं.

डिफरन्शियल शेवटी. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, म्हणजे हलक्या चाकाला जितका पेलतो तितकाच. वळणात आतलं चाक हलकं झालं की बाहेरच्या भरलेल्या चाकालाही तेवढाच मिळतो. लिमिटेड स्लिप तो बाहेर वळवतं. २००९ च्या फोर्ड फोकस आरएसने ३०५ पीएस (अश्वशक्ती) फक्त पुढच्या चाकांतून उतरवले, ते क्वाइफ कंपनीच्या अशाच डिफरन्शियलच्या आणि वेगळ्या रचनेच्या पुढच्या सस्पेन्शनच्या जोरावर. पण ओल्या रस्त्यावर सरळ निघताना दोन्ही चाकं एकदम सुटत असतील तर त्याचा उपयोग नाही, आणि ते बसवायला गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. माउंटिंग आणि टायर झाल्यावर घाटात वळणातून बाहेर पडताना आतलंच चाक फिरत राहिलं, तरच त्याचा विचार करा.