बजेट एकदाच आहे, तर वन्यजीवांच्या फोटोंसाठी बॉडी बदलू की लेन्स?

तुम्ही लिहिलंय की हाती २४ मेगापिक्सेलचा साधा डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमी या दोन लेन्स. पक्षी आणि हरणं टिपायची आहेत, पण फोटो ‘लांबचे आणि धुरकट’ येतात. पैसे एकदाच घालता येणार आहेत. मग नवी मिररलेस बॉडी (म्हणजे आत आरसा नसलेला नुसता कॅमेरा) घ्यावी की लेन्स, लेन्स असेल तर कोणती, आणि ट्रायपॉड लागेल का?

लेन्स घ्या. शक्यतो वापरलेली घ्या. बॉडी आहे तीच राहू द्या.

मी स्वतः नेमकं उलटं केलं होतं. साठवलेले सगळे पैसे नव्या बॉडीत ओतले आणि पुढे लावली तीच जुनी ३०० मिमीची झूम. पहिल्याच सकाळी पाण्याकाठी खंड्या बसलेला मिळाला. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर खंड्या आधीच्या कॅमेऱ्यात जेवढा होता तेवढाच! भोवतालचं पाणी मात्र पूर्वीपेक्षा सुरेख आलं होतं. तो कॅमेरा मी दोन वर्षं मनातल्या मनात शिव्या देत वापरला, आणि त्यात त्या कॅमेऱ्याचा काहीच दोष नव्हता.

थोडं गणित करू, कारण एकदा ते डोक्यात बसलं की जाहिराती आपोआप मुक्या होतात. सेन्सरवर (कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या भागावर) पक्षी किती मोठा पडणार हे दोनच गोष्टी ठरवतात: फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) आणि अंतर. १० सेंटिमीटरचा पक्षी १० मीटरवर बसलाय असं धरा. २५० मिमीला त्याची सेन्सरवरची प्रतिमा २.५ मिलिमीटर येते. ५५-२५० म्हटल्यावर तुमचा कॅमेरा कॅननचा असावा असं धरतो. त्याचा सेन्सर साधारण २२.३ मिलिमीटर रुंद आणि त्यावर आडवे ६००० पिक्सेल. म्हणजे तुमचा पक्षी जेमतेम ६७० पिक्सेलांचा. ४०० मिमीला तो १०७० च्या आसपास जातो, ६०० मिमीला १६०० च्या. लांबी आणि रुंदी दोन्ही वाढतात, त्यामुळे २५० वरून ६०० वर गेलात की त्या पक्ष्यावर जवळपास सहापट पिक्सेल खर्च होतात. बॉडी बदलून, २४ ऐवजी ३२ मेगापिक्सेल घेऊन, हे प्रमाण सव्वापट-दीडपटीच्या मध्येच कुठेतरी अडकतं.

आता दुसरी बाजू बघा. तोच पक्षी तीच २५० ची लेन्स लावून ५ मीटरवरून टिपलात तर तो १३४० पिक्सेलांचा होतो. अंतर निम्मं करणं म्हणजे दुप्पट लांबीची लेन्स घेणं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पडतो तो वेळ. एका जागी जमिनीवर बसून राहायचं, हालचाल करायची नाही, पक्ष्याला तुमची सवय होऊ द्यायची. बऱ्याच ठिकाणी गाडीतून उतरलं की पक्षी उडतो आणि गाडीतच बसलं की बसून राहतो, म्हणजे गाडी हाच आडोसा. मात्र घरट्याजवळ हा प्रयोग करू नका. तिथे आपल्या बसण्याची किंमत पिल्लं मोजतात.

क्रॉप सेन्सरबद्दल, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या ‘फुल फ्रेम’पेक्षा छोट्या, तुमच्यासारख्या सेन्सरबद्दल, एक गैरसमज हमखास भेटतो. ‘१.६ ने गुणा, तुमची २५० म्हणजे ४०० झाली’ असं सांगितलं जातं. चौकट तेवढी अरुंद दिसते हे खरं, पण सेन्सरवरचा पक्षी एक केसभरही मोठा होत नाही. उलट बाजूने मात्र हा हिशेब तुमच्या फायद्याचा आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यातून तेवढीच अरुंद चौकट कापून घेतली तर हाती ९ मेगापिक्सेलच्या थोडं वर उरतात. तुमच्याकडे त्याच चौकटीत २४ आहेत. तेव्हा ‘फुल फ्रेम असता तर’ हा उसासा सोडून द्या. कमी पैशांत लांबचं टिपायचं असेल तर छोटा सेन्सर आपल्या बाजूने असतो.

लेन्सकडे जाण्याआधी त्या ‘धुरकट’ शब्दापाशी थांबतो, कारण इथे कदाचित फुकटात काम होईल. तुमचे दहा वाईट फोटो उघडा आणि त्यांचा शटर स्पीड (फोटो सेकंदाच्या कितव्या भागात टिपला तो आकडा) बघा. १/१२५ किंवा १/२५० दिसला, तर लेन्सला बोल लावू नका. फांदीवर शांत बसलेला पक्षीही मान सारखी झटकत असतो. त्याला निदान १/५०० हवा. उडत्या पक्ष्याला १/१६०० ते १/२०००. लेन्समधली स्थिरता यंत्रणा तुमच्या हाताची थरथर खाते, पक्ष्याची हालचाल तिला थांबवता येत नाही. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००, ३२०० वर जाऊ द्या. दाणेदार फोटो नंतर सॉफ्टवेअरमध्ये बराच निवळतो. हललेला फोटो काही केल्या निवळत नाही. आणि फोटो दुपारचे, मोकळ्या माळावरचे असतील, तर तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा प्रतिमा थरथरवते. तिच्यापुढे सगळ्यात महागडी लेन्सही हात टेकते. सूर्य वर चढला की मी लांबचे फोटो काढणं सोडून देतो.

आता लेन्स.

मोठ्या पांढऱ्या लेन्स इतक्या महाग का, हे आधी सांगतो, म्हणजे आपण नेमकं काय सोडतोय ते कळेल. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त. ४०० मिमी एफ/२.८ च्या लेन्सला सुमारे १४३ मिलिमीटर व्यासाचं छिद्र लागतं, ४०० मिमी एफ/५.६ ला त्याच्या निम्मं. पहिली चौपट प्रकाश आत घेते, पण तेवढी मोठी आणि निर्दोष काच घडवायचा खर्च व वजन दोन्ही आवाक्याबाहेर जातं. कमी बजेट म्हणजे एफ/५.६ ते एफ/६.३, हे स्वीकारायचं. पहाटेचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास आपल्या हातून थोडा निसटणार.

पक्षी हा मुख्य विषय असेल तर सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी. ती २०१५ पासूनची आहे, वजन दोन किलोला जरा कमी. वापरलेल्या भरपूर मिळतात, आणि यूएसबी डॉक मिळाला तर घरीच संगणकाला जोडून फोकसची बारीक दुरुस्ती करता येते. तिच्याच तोडीची टॅमरॉनची १५०-६००. तिच्या दोन आवृत्त्या आहेत. २०१६ मध्ये आलेली जी२ घ्या. पहिली आवृत्ती स्वस्तात मिळते, पण ६०० च्या टोकाला मला ती मवाळ वाटते. दोन्ही कंपन्यांच्या बाबतीत ६०० ला एफ/८ ठेवलंत तर पिसं अधिक नेटकी येतात.

दोन किलो गळ्यात घेऊन दिवसभर चालणं होणार नसेल, किंवा उडते पक्षी हेच वेड असेल, तर कॅननची जुनी ४०० मिमी एफ/५.६ बघा. १९९३ ची रचना, सव्वा किलो वजन, फोकस चटकन पकडते. तिच्यात स्थिरता यंत्रणा नाही, झूम नाही, आणि साडेतीन मीटरच्या आतलं काही टिपता येत नाही. तरीही ती माझी सगळ्यात लाडकी आहे. झूम नसल्यामुळे हात वळवळत नाही. पक्षी आला की उचलायची आणि दाबायचं, बस. हरणं मात्र एकदम जवळ आली की पंचाईत होते, फ्रेममध्ये नुसतं तोंड उरतं. हरणं, कोल्हे असे प्राणी जास्त असतील तर १००-४०० झूम सोयीची. (हे वाचणाऱ्या कुणाकडे निकॉन असेल तर त्यांनी २००-५०० एफ/५.६ शोधावी. सव्वादोन किलोच्या वरच भरते, पण टोकालाही एफ/५.६ च राहते.)

कॅननच्या आरएफ (मिररलेससाठीच्या) मालिकेतल्या हलक्या लेन्स तुमच्या वाचनात आल्या असतील: १००-४०० ही फक्त ६३५ ग्रॅमची, ६०० एफ/११ ही ९३० ग्रॅमची. छान आहेत, पण त्या तुमच्या डीएसएलआरवर बसत नाहीत. उलटं मात्र चालतं: आज घेतलेली ईएफ माउंटची (कॅननच्या डीएसएलआरच्या जोडणीची) लेन्स उद्या अ‍ॅडॉप्टर लावून कॅननच्या मिररलेसवर वापरता येते. लेन्स आधी घ्या म्हणतो त्याचं हेही एक कारण. शिवाय एफ/११ ला एफ/५.६ च्या पाव प्रकाशात भागवावं लागतं. उघड्या पाणथळीवर ठीक, झाडीत हाल.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी जोडकाच) लावून ५५-२५० ची लांबी वाढवायचा विचार असेल तर सोडा. १.४ पटीचा एक स्टॉप (म्हणजे निम्मा प्रकाश) खातो, २ पटीचा दोन, आणि आपल्या वर्गातल्या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एवढ्या कमी प्रकाशात चाचपडायला लागतो.

ब्रिज कॅमेरे, म्हणजे लेन्स न बदलता येणारे, लांब झूमचे, निकॉन पी९५० किंवा पी१००० सारखे, यांना नाक मुरडणारे खूप आहेत. मी मुरडत नाही. नुसता पक्षी ओळखायचा असेल, नोंद ठेवायची असेल, तर एवढ्या पैशांत तेवढी लांब नजर दुसरं काही देत नाही. पण सेन्सर तुमच्या आताच्या सेन्सरच्या साधारण बाराव्या भागाएवढा असतो, त्यामुळे ऊन कलल्यावर फोटो चिखलासारखे येतात आणि उडता पक्षी पकडणं हे नशिबाचं काम. तुमच्याकडे डीएसएलआर आहेच, तेव्हा तुम्हाला मी तो सुचवणार नाही.

वापरलेली लेन्स घेताना मी एकदा फसलोय. भेटायची जागा अंधारी होती, विकणारा गोड बोलत होता, मी दोन फोटो काढून पाहिले आणि पैसे दिले. घरी आल्यावर टॉर्च मारला, तर आतल्या काचेवर बुरशीचं कोळ्याचं जाळं. तेव्हापासून टॉर्च खिशात असतो. लेन्सची दोन्ही झाकणं काढायची, मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघायचं. धुळीचे चार कण असले तर बिघडत नाही. धाग्यांसारखी नक्षी किंवा दुधाळ थर दिसला की नमस्कार करून परत यायचं. मग आपलीच बॉडी लावून (हे महत्त्वाचं, विकणाऱ्याची नव्हे) पूर्ण झूमवर लांबच्या पाटीवर फोकस, मग जवळच्या वस्तूवर, पुन्हा लांब, असं वीसेक वेळा करायचं. मोटर अडखळते का, घासल्याचा आवाज येतो का ते कानाने ऐकायचं. झूमची कडी सगळीकडे सारख्या जोराने फिरली पाहिजे. मध्येच जड लागली तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता आहे. शेवटी तिरक्या ठेवलेल्या छापील कागदावर मधल्या ओळीवर फोकस करून फोटो मोठा करून बघायचा. तीक्ष्ण ओळ पुढची किंवा मागची निघाली तर दुरुस्ती लागणार, आणि तुमच्या कॅमेऱ्यात ती सोय आहे का हे घेण्याआधी मेन्यूत तपासा. या सगळ्याला अर्धा तास लागतो. समोरचा घाई करायला लागला तर तेही एक उत्तरच.

बॉडीचा नंबर नंतर. कधीतरी तो येईल, आणि मिररलेसमधलं पक्ष्या-प्राण्यांचा डोळा ओळखून धरून ठेवणारं फोकस खरोखर कामाचं आहे, हे नाकारत नाही. तेव्हा कॅननचे आर१० किंवा आर७ बघा. डीएसएलआरमध्येच राहायचं झालं तर २०१४ ची ७डी मार्क २ अजूनही दणकट आहे: सेकंदाला १० फोटो, ६५ फोकस बिंदू. तोवर आहे त्या कॅमेऱ्यात फक्त मधला फोकस बिंदू निवडा, सतत फोकसचा मोड ठेवा, रॉमध्ये (सेन्सरची कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) फोटो काढा. पैशांची वाटणी विचाराल तर मी शंभरातले ऐंशी लेन्सला देईन, पाच वेगवान मेमरी कार्डाला आणि पंधरा फिरायला. आणि ती ५५-२५० विकू नका. फुलपाखरं, चतुर आणि सरडे यांना ती फार गोड चालते, आणि तेही वन्यजीवच आहेत.

राहिला ट्रायपॉड. आत्ता नको. दोन किलोची लेन्स नीट पेलणारा ट्रायपॉड आणि त्याचं डोकं मिळून पुन्हा एका छोट्या लेन्सएवढा खर्च होतो, आणि स्वस्तातला घेतलात तर वाऱ्यात तोच हलतो. जाड कापडाची उशीएवढी पिशवी शिवा, तीन-चतुर्थांश धान्य भरा, गाडीच्या खिडकीवर किंवा दगडावर ठेवून वर लेन्स टेकवा. चालत फिरणार असाल तर मोनोपॉड, म्हणजे एकपायी टेकू. त्याला लेन्सची कॉलर (लेन्सभोवतीची कडी) जोडायची, कॅमेरा नाही, नाहीतर सगळं वजन माउंटवर येतं.