ठोक्यांना काम दे

प्रिय,

तुझी तिन्ही चित्रं चार दिवसांपासून टेबलावर पसरलेली आहेत. येता-जाता बघते. दिवा देखणा आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तोंड उतरायचं नाही. खाली मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकलेल्या पितळेची बैठक, वर बांबूच्या विणीची शेड, आणि बैठकीवर फोन ठेवला की वायरशिवाय चार्ज. कुणालाही बघताक्षणी आवडेल. फक्त ही वस्तू चालणार नाही.

चार्जरपासून सुरुवात करू, कारण ती चूक सोपी आहे. बिनतारी चार्जरमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वीज वाहते, बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि फोनमधलं वेटोळं त्यातून वीज उचलतं. मध्ये पितळेचा पत्रा आला की त्या पत्र्यातच विजेचे भोवरे फिरायला लागतात. पत्रा तापतो, फोनला काही मिळत नाही. बरा चार्जर असेल तर धातू ओळखून बंदच पडतो. तुला पितळही हवं होतं, चार्जरही हवा होता. तू दोघांना एकावर एक बसवलंस, पण त्यांचं आपसात जमतं का हे विचारायचं राहिलं.

आता तू म्हणशील, पितळेला मधोमध गोल कापू आणि तिथे लाकडाची चकती बसवू. मलाही पहिल्यांदा हेच सुचलं असतं, कारण हे मी केलेलं आहे. वीसेक वर्षांपूर्वी पितळी कड्यात लाकडी चकती बसवलेले चाळीस ट्रे करून घेतले होते. कडं आणि चकती यांच्यामध्ये नख जायचं नाही, इतकं घट्ट. त्याचाच मला अभिमान. सुतारकाका दोनदा म्हणाले, "ताई, जरा जागा सोडू या." मी ऐकलं नाही. पावसाळ्यात चकत्या फुगल्या आणि कड्यांचे डाख उकलले. थंडीत हवा कोरडी झाल्यावर उरलेल्या चकत्या खुळखुळायला लागल्या. एकेक करत सगळे ट्रे परत आले. काकांनी त्यावर एक शब्द काढला नाही, हे जास्त लागलं.

लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, म्हणजे फुगत-आकसत नाही, आडवं मात्र हलतं. त्यातही वर्षवलयांच्या कडेकडेने जितकं हलतं, ते गाभ्याकडून सालीकडे हलण्याच्या साधारण दुप्पट असतं. म्हणजे फळीतून कापलेली गोल चकती वर्षभर गोल राहत नाही, हवेप्रमाणे किंचित लंबगोल होते. तेव्हा लाकूड आणि धातू जिथे भेटतील तिथे फट ठेवायची. लाकडाला खालून मधोमध एकाच स्क्रूने धरायचं आणि कडेने मोकळं सोडायचं. ती फट सगळीकडे सारखी ठेवलीस, तर डोळ्यांना ती चूक वाटत नाही, मुद्दाम सोडलेली सावलीची रेघ वाटते.

पण तुझ्या दिव्यात या कापाकापीची गरजच नाही. पितळ मुळात तिथे का आहे?

चित्राच्या कडेला तू 'ठोक्यांचं टेक्स्चर' असं लिहिलं आहेस. तो शब्द वाचून मी जरा चिडले, खरं सांगते. मठारणं म्हणजे नक्षी नव्हे. पत्रा तापवून नरम करतात, ठोकून आकाराला आणतात. ठोकता ठोकता तो कडक होतो, तडकायच्या आधी पुन्हा तापवतात. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला लागून एक ठोके देतात. त्याने पृष्ठभाग सारखा होतो आणि पातळ पत्र्याला ताठपणा येतो. ते चमकणारे ठिपके या कामाचा मागमूस आहेत. तू दाखवलेली बैठक जाड ओतीव आहे. ओतीव तुकड्याला ताठपणा आधीच असतो, त्यावर ठोके उमटवणं म्हणजे न भिजलेल्या माणसाने छत्री झटकणं.

मग मठारलेल्या पातळ पितळेला या दिव्यात खरं काम कुठे आहे? वर. एलईडी गार असतो असा समज आहे. त्याच्या प्रकाशात उष्णता फारशी नसते, पण चिपच्या पाठीला असते, आणि ती निघून गेली नाही तर चिपचं आयुष्य घटतं. म्हणून बाजारातल्या दिव्यांत ॲल्युमिनियमचा एक कुरूप तुकडा लपवलेला असतो. पितळ ॲल्युमिनियमइतकं नाही, तरी उष्णता चांगली वाहून नेतं. शेडच्या माथ्यावर मठारलेल्या पितळेची टोपी ठेव, तिच्या आतल्या बाजूला चिप घट्ट टेकव. पाच-सहा वॉटच्या दिव्याला हाताएवढी टोपी बहुधा पुरेल. पण माझ्या बहुधावर जाऊ नकोस, दोन तास लावून ठेव आणि तापमान मोज. पत्रा पातळ असल्यामुळे माथा जड होत नाही, आणि ठोक्यांमुळे पातळ असूनही दबत नाही. बैठक सगळी लाकडाची कर. चार्जर आपोआप सुटला. वजन हवं असेल तर खालून, वेटोळ्यापासून लांब, लोखंडाचं कडं बसव. आणि एक गोष्ट वाद न घालता ऐक: उघडा धातू हाताला लागणार आहे, तेव्हा घरची वीज दिव्याच्या आत येता कामा नये. चांगला अडॅप्टर भिंतीपाशी ठेव, दिव्यात १२ व्होल्टच येऊ देत.

पितळेवर लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, नको. जिथे हात लागतो तिथे तो चट्ट्याचट्ट्यांनी निघतो. काळवंडू दे, ज्याला चमक हवी तो घासेल.

शेडबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे तू सगळ्यात सुंदर रेषा काढल्या आहेस आणि सगळ्यात कमी विचार केला आहेस. १९५१ साली जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची जपानमधल्या गिफूला गेला. तिथले कंदील करणारे कारागीर लाकडी साच्याभोवती बांबूची बारीक कांब गुंडाळत, वर तुतीच्या सालीचा कागद चिकटवत, आणि वाळल्यावर साचा तुकड्यातुकड्यांनी आतून काढून घेत. आत काही उरत नसे म्हणून कंदील मिटत असे. नोगुचीने मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आणला, मनाला येतील ते आकार दिले, पण ही युक्ती तशीच ठेवली. त्याचे 'अकारी' दिवे आजही चपटे मिटून खोक्यात जातात. कंदिलाचं रूप उचलणं त्याला सोपं होतं. त्याने अक्कल उचलली.

तुझी शेड मिटत नाही, मिटायला हवी असंही नाही. पण आता आहे तशी सरळ नळकांड्यासारखी ठेवलीस तर एका खोक्यात एकच मावेल, बाकी हवा. बुरूडकाम करणाऱ्यांच्या अंगणात टोपल्या कशा रचलेल्या असतात ते बघ. एकीत एक, तोंडाकडे किंचित रुंद. तेवढा उतार दिलास की दहा शेड एकावर एक बसतील. बेळ, म्हणजे विणायच्या बांबूच्या पट्ट्या, सालीकडच्या बाजूचे घे. तिथे धागा दाट असतो. आतल्या बाजूला पिष्ट जास्त, आणि भुंगा त्याच्याचसाठी येतो. विणण्याआधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून घे, नाहीतर सहा महिन्यांनी टेबलावर रोज सकाळी पिवळसर भुकटी सापडेल. आणि उघडी चिप म्हणजे एका टिंबातून येणारा उजेड. विणीतल्या एकेक बेळाची सावली पुस्तकाच्या पानावर काळ्या जाळीसारखी पडेल. वाचायचा दिवा आहे ना? मध्ये दुधी काच घाल.

सगळं हाताने झालं पाहिजे हा हट्ट मात्र सोड. डॅनिश डिझायनर हान्स वेग्नरने १९४९ साली काढलेली वाय-पाठीची खुर्ची आठव: तिच्या चौकटीचा बराचसा भाग यंत्रं करतात, आसन मात्र हाताने विणतात. सुमारे १२० मीटर कागदी दोर, सराईत हाताला तासभर. तुझी लाकडी बैठक लेथवर होऊ दे, भोकं ड्रिलने पडू देत. बैठकीच्या कडेला हाताचं काम दाखवायला म्हणून तू जी कोरीव वेल काढली आहेस, ती काढून टाक. दुखेल थोडं.

कारागिरांकडे जाताना पक्कं चित्र नेऊ नकोस. पुठ्ठ्याचा ओबडधोबड नमुना ने आणि "हे करताना हात कुठे अडेल?" एवढंच विचार. मग गप्प बस. पहिली दहा मिनिटं "होईल, होईल" ऐकू येईल, खरं उत्तर चहा झाल्यावर येतं. ते दोनदा काही म्हणाले तर लिहून घे. आणि नमुन्यांचे पैसे दे, फसलेल्या नमुन्यांचेही. चूक तुझ्या चित्राची असते, दिवस त्यांचा जातो.

शेवटचं, डिंकाबद्दल. तुझ्या चित्रात पाच जागी चिकटवलेलं आहे. चिप आज ना उद्या जाणार, बेळ तुटणार, चार्जर तर तीन-चार वर्षांत जुनाट होणार. टोपी, शेड, बैठक, चार्जर हे चारही भाग घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरने सुटे व्हायला हवेत, म्हणजे शेड पुन्हा विणून घेता येईल आणि चार्जर काढून नवा घालता येईल, किंवा ती जागा रिकामी ठेवता येईल.

नवा नमुना झाला की फोटो पाठव. समोरून काढलेला नको, तो छानच येणार. दिवा उलटा करून काढ, मला बैठकीचा तळ बघायचा आहे.

तुझी,
ताई