करवल्यांचे आभार मानायला ७२ हजारांचा ईएमआय?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. लग्न तीन महिन्यांवर आलंय, हातात पगार ४२ हजार, घरखर्चाला देऊन आणि स्वतःचं भागवून दरमहा आठेक हजार उरतात, दीड लाखाची एफडी आहे, आणि लग्नाआधी पाचही करवल्यांना नागपूरजवळच्या पेंचच्या एका रिसॉर्टवर एक रात्र घेऊन जायचंय, सगळे मिळून ७२ हजार. क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचा ईएमआय करायचा की एफडी मोडायची, असं विचारलंय तुम्ही.

माझं मत, दोन्ही नको. पण आभार मात्र मानाच, ते टाळू नका.

कार्डाचा हिशोब बघा. १६ टक्के धरले तरी हप्ता साडेसहा हजारांच्या वर जातो, वर्षभरात व्याज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून साडेसात हजार जास्तीचे, प्रोसेसिंग फी वेगळीच. आणि हा हप्ता नवीन घरात जाऊन भरायचाय, जिथे पहिल्या वर्षी गॅस कनेक्शनपासून पडद्यांपर्यंत सगळं आपल्यालाच घ्यायचं असतं. एखाद्या महिन्यात मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरून भागवलं तर बिलाच्या उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाचे चाळीसच्या वर. एफडी मोडणं त्यापेक्षा स्वस्त आहे, खरंय, पण तुमचे महिन्याला ३४ हजार जातात, तेव्हा ती दीड लाखाची एफडी म्हणजे जेमतेम चार-साडेचार महिन्यांचा आधार. तोच तुमचा इमर्जन्सी फंड, त्याला हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय की आहेरातून फेडून टाकीन. लग्नात मुलीला आलेल्या भेटींवर इन्कम टॅक्स लागत नाही, ते ठीक, पण आपल्याकडे आहेर बहुतेक आईबाबांच्या वहीत जातो, त्यांना तो पुढे कोणाच्या ना कोणाच्या लग्नात परत करायचा असतो. तो पैसा तुमचा धरू नका.

आता मला जे सगळ्यात जास्त खटकलं ते. तुमची एक करवली पुण्याहून येणार, एकीची नोकरी मार्चमध्ये गेलीय. रिसॉर्ट तुम्ही भरलं तरी त्यांना एक दिवस जास्त सुट्टी, नवीन कपडे, आणि "आपणही तिला काहीतरी द्यायला पाहिजे" हे आलंच. जिचे आभार मानायचेत तिच्याच खिशाला भोक पडतं. माझ्या लग्नात नागपूरच्या महाल भागातल्या एका मंगल कार्यालयाच्या खोलीत माझी मैत्रीण गुडघ्यावर बसून दातात पिना धरून नऊवारीच्या निऱ्या लावत होती, सकाळी साडेपाचला, चहासुद्धा न घेता. तिला तेव्हा रिसॉर्ट नको होतं हो, तिच्या येण्याजाण्याचं तिकीट कोणी काढलं असतं तर तिचा तो महिना सोपा गेला असता. आजही ते माझ्या मनाला लागतं.

म्हणून तीन महिन्यांचे २४ हजार, पगार झाला की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. पुण्याच्या मैत्रिणीच्या येण्याजाण्याच्या तिकिटाचे साडेतीन हजार धरा, गांधीबागेतून किंवा इतवारीतून पाच कॉटनच्या साड्या दीड हजारापर्यंतच्या, म्हणजे साडेसात हजार, आणि मेंदीच्या आदल्या दिवशी घरीच दुपारचं जेवण, वडाभात, सांबारवडी, कढी, शेवटी संत्रा बर्फी, स्वयंपाकाला एक मावशी बोलवा, सहा हजारांत आठ-दहा जणी पोटभर जेवतात. सतरा हजार झाले. उरलेले सात राहू द्या, शेवटच्या आठवड्यात ब्लाऊज उसवतो, पार्लरवाली जास्तीचे मागते, तेव्हा कार्ड काढावं लागणार नाही.

नोकरी गेलेल्या मैत्रिणीची साडी बाकीच्यांसारखीच घ्या, वेगळी मदत करायची असेल तर ती एकटी असताना करा. आणि पेंचला जायचंच असेल तर लग्नानंतर तुम्ही सहाही जणी मिळून वर्गणी काढून जा, मजा तेवढीच येईल.

पुण्याच्या गाडीचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा, लग्नसराईत वेटिंग लगेच लागतं.