वेबमेल अडते तेव्हा : पॉप-अप ब्लॉकरविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्याभरात आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. मेलच्या संकेतस्थळावर (वेबमेलवर) प्रवेश होतो, पण त्यापुढची विंडो काही केल्या उघडत नाही. जवळजवळ प्रत्येक पत्रात कोणीतरी ‘पॉप-अप ब्लॉकर’ (न मागता उघडणाऱ्या विंडो अडवणारी ब्राउझरमधील सोय) ‘बंदच करून टाका’ असे सुचवल्याचा उल्लेख आहे. हा सल्ला मला मान्य नाही. त्यामागचे कारण साखळी या गावाहून आलेल्या पत्राला दिलेल्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे. ज्यांच्या घरी वयस्कर माणसे संगणक वापरतात त्यांनी ते आधी वाचले तरी चालेल.

प्रश्न : आमच्या दुकानाचा मेल आमच्याच डोमेनवर असून आम्ही तो राउंडक्यूब या वेबमेल प्रोग्राममधून पाहतो. दुकानातील संगणकावर लॉगिन होते, आलेले मेल दिसतात. पण नवा मेल लिहिण्याचे बटण दाबले की काहीच घडत नाही. घरच्या लॅपटॉपवर मात्र सगळे सुरळीत चालते. होस्टिंगवाले म्हणतात की सर्व्हरमध्ये दोष नाही.
— एक व्यापारी, म्हापसा

उत्तर : होस्टिंगवाल्यांचे म्हणणे बरोबर असावे. तेच खाते घरी चालते आणि दुकानात चालत नाही, याचा अर्थ अडथळा दुकानातल्या ब्राउझरमध्ये आहे. राउंडक्यूबमध्ये नवा मेल वेगळ्या विंडोत लिहिण्याची सोय आहे. ती चालू असेल तर बटण दाबताच ते पान ब्राउझरकडे नवी विंडो मागते, आणि दुकानातला ब्राउझर ती मागणी नाकारत असावा.

ब्राउझर इतका संशयी का झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जाहिरातदारांनी नवी विंडो उघडण्याची हीच आज्ञा वापरून वाचकांच्या पडद्यावर विंडोंचा मारा केला. ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी अशा जाहिरातीचा कोड लिहिणारे ईथन झकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमधून इंटरनेट एक्सप्लोररला ब्लॉकर दिला, आणि आज तो प्रत्येक प्रमुख ब्राउझरमध्ये सुरुवातीपासूनच चालू असतो. जाहिरातीची विंडो आणि मेलची विंडो एकाच आज्ञेने उघडत असल्यामुळे जाहिरातींसाठी लावलेल्या जाळ्यात मेलही सापडतो.

आता उपाय. बटण दाबल्यावर लगेच ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाकडे पाहावे. क्रोम आणि एज या ब्राउझरांत तिथे विंडो अडवल्याचे एक लहानसे चिन्ह उमटते. फायरफॉक्समध्ये पानाच्या वरच्या बाजूला एक पट्टी येते. त्यावर क्लिक करून या संकेतस्थळाला कायमची परवानगी द्यावी, पान पुन्हा लोड करावे आणि बटण पुन्हा दाबावे. चिन्ह दिसलेच नाही, तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स’ असे जावे, आणि परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत आपला पत्ता जोडावा. फायरफॉक्समध्ये हीच यादी पॉप-अप अडवण्याच्या पर्यायाशेजारी ‘एक्सेप्शन्स’ या बटणाखाली मिळते.

पत्ता जोडताना बहुतेक जण एक चूक करतात. दुकानाच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि वेबमेलचा पत्ता आपल्याला एकच वाटत असले, तरी ब्राउझरला ते वेगळे असतात. सीपॅनेल (होस्टिंग सांभाळण्याचा एक प्रोग्राम) वापरणाऱ्या होस्टिंगवर वेबमेल पुष्कळदा डोमेनच्या नावापुढे अपूर्णविराम (:) आणि २०९६ हा पोर्ट क्रमांक लावून उघडते, किंवा डोमेनच्या आधी ‘वेबमेल’ हा शब्द जोडून उघडते. परवानगी मूळ डोमेनला दिली आणि मेल दुसऱ्याच पत्त्यावर उघडला, तर त्या परवानगीचा उपयोग होईलच असे नाही. म्हणून पत्ता आठवणीने टाइप करू नये. मेल उघडलेला असताना ॲड्रेस बारमध्ये जो दिसतो तोच, सुरुवातीच्या एचटीटीपीएससह आणि पोर्ट क्रमांकासह, उचलून जोडावा.

याहूनही सोपा मार्ग राउंडक्यूबच्या आतच आहे, आणि तुमच्या जागी मी तोच धरला असता. त्याच्या सेटिंग्जमधील ‘प्रेफरन्सेस’मध्ये मेल लिहिण्याविषयीच्या विभागात नवी विंडो उघडण्याचा पर्याय असतो. त्याची खूण काढून टाकली की मेल त्याच पानावर लिहिता येतो आणि ब्राउझरची परवानगी मागण्याची वेळच येत नाही. आलेला मेल नव्या विंडोत उघडण्याचा असाच पर्याय मेल दाखवण्याविषयीच्या विभागात आहे.

प्रश्न : शाळेच्या मेलमधील जोडपत्र नव्या विंडोत उघडते, पण कधी उघडते, कधी नाही. पावसाळ्यात तर दोनतीनदा क्लिक करावे लागते. ब्लॉकरच असेल तर त्याने नेहमीच अडवायला हवे, नाही का?
— एक शिक्षिका, काणकोण

उत्तर : आपण पावसाळ्याचा उल्लेख केलात, ते फार बरे झाले, कारण उत्तर त्यातच आहे. ब्लॉकर सर्व विंडो सरसकट अडवत नाही. वापरणाऱ्याने स्वतः क्लिक केल्यामुळे उघडणारी विंडो तो सहसा जाऊ देतो आणि पानाने आपणहून उघडलेली अडवतो. क्लिकचा हा हक्क मात्र फार काळ टिकत नाही. क्रोममध्ये तो साधारण ५ सेकंदांचा असतो, तर इतर काही ब्राउझरांत याहूनही कमी. काही वेबमेल क्लिक होताच विंडो उघडत नाहीत. आधी सर्व्हरकडे फाइल मागतात आणि उत्तर आल्यावर विंडो उघडू पाहतात. पावसात लाइन मंदावली, उत्तर यायला सातआठ सेकंद लागले, की तोवर क्लिकचा हक्क संपलेला असतो, आणि मग ब्राउझरच्या लेखी ती विंडो न मागता आलेली ठरते. नंतरच्या क्लिकला फाइल लवकर हाती लागली, तर तीच विंडो विनासायास उघडते.

शाळेच्या मेलच्या पत्त्याला वर सांगितल्याप्रमाणे परवानगी दिली की हा वेळेचा प्रश्न उरत नाही. तोवर जोडपत्र विंडोत न उघडता डाउनलोड करून पाहावे. मात्र एकामागून एक क्लिक करत राहू नये, कारण रांगेत अडकलेल्या मागण्या मंद लाइन आणखी मंद करतात.

प्रश्न : परवानगीच्या यादीत पत्ता अचूक घातला, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, तरीही विंडो येत नाही.
— पणजीतील एका कार्यालयातील कर्मचारी

उत्तर : तर मग अडवणारा दुसराच कोणी आहे. ब्राउझरचा स्वतःचा ब्लॉकर हा एक पहारेकरी झाला. जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) हा दुसरा. ब्राउझरच्या यादीत दिलेली परवानगी एक्स्टेन्शनला लागू होत नाही, कारण त्याची यादी वेगळी असते. काही अँटिव्हायरस प्रोग्रामही स्वतःचे एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये बसवतात आणि ते बसले आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

तपासण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबून क्रोमची इन्कॉग्निटो विंडो उघडावी (फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी) आणि तिथे मेलमध्ये लॉगिन करावे. या विंडोत एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथे काम झाले तर दोष एक्स्टेन्शनचा, असे समजायला हरकत नाही. मग नेहमीच्या विंडोत परत येऊन एकेक एक्स्टेन्शन बंद करत जावे आणि प्रत्येक वेळी मेल तपासावा. सगळी एकदम बंद केली तर गुन्हेगार कोण ते कळत नाही. सापडल्यावर ते काढून टाकण्याची गरज नाही. त्याच्या चिन्हावर क्लिक करून केवळ मेलच्या पत्त्यापुरते ते थांबवता येते.

आपण कार्यालयातून लिहीत आहात म्हणून एक गोष्ट आणखी. क्रोमच्या मेनूच्या तळाशी हा ब्राउझर संस्थेच्या व्यवस्थापनाखाली असल्याची ओळ दिसली, तर पॉप-अपचा नियम कार्यालयाच्या संगणक विभागाने ठरवलेला असू शकतो आणि तो त्यांनाच बदलू द्यावा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मेलमधील पत्र छापता येत नव्हते म्हणून शेजारच्या मुलाने ब्लॉकर पूर्ण बंद करून दिला. पत्र छापले गेले. पण गेल्या आठवड्यापासून पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशा सूचना येत आहेत. काल तर पूर्ण पडदा व्यापणारे पान आले, त्यावर फोन क्रमांक होता. मी घाबरून संगणकाचे बटणच बंद केले.
— साखळी

उत्तर : सर, आपण त्या क्रमांकावर फोन केला नाहीत, हे सर्वांत महत्त्वाचे. आपला संगणक बहुधा निरोगी आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीही नसतो, तेव्हा ज्या इशाऱ्यात क्रमांक आहे तो खोटा, इतके ध्यानात ठेवले तरी पुरे. त्या क्रमांकावर बोलणारा माणूस अतिशय आदराने बोलतो, संगणक दुरून हाताळण्याचा एखादा प्रोग्राम घ्यायला लावतो आणि मग बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो. आमच्या परिसरातील एका आजींच्या बाबतीत हे घडताना मी पाहिले आहे. त्यांच्याही संगणकावरचा ब्लॉकर कोणीतरी असाच ‘सोय म्हणून’ बंद केला होता. म्हणूनच ब्लॉकर पूर्ण बंद करण्याला माझा इतका विरोध आहे. एका मेलसाठी दार उघडायचे तर त्या मेलच्या नावाने उघडावे. सगळ्या जगासाठी उघडे टाकू नये.

आपल्याला दोन वेगळ्या गोष्टींचा त्रास होत आहे. पूर्ण पडद्याचे पान हा पॉप-अपचा किंवा पान परस्पर दुसरीकडे नेण्याचा प्रकार आहे. ते पुन्हा आले तर एस्केप ही कळ काही क्षण दाबून धरावी, म्हणजे पूर्ण पडदा सुटतो. मग टॅब बंद करावा. टॅबही बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, आणि पुन्हा उघडल्यावर ब्राउझर जुनी पाने परत आणू का असे विचारील तेव्हा नकार द्यावा. त्यानंतर ‘पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स’मध्ये जाऊन सरसकट परवानगी काढून घ्यावी आणि केवळ आपल्या मेलचा पत्ता यादीत ठेवावा. छपाईची विंडो तेवढ्यानेही उघडते.

कोपऱ्यातल्या सूचना मात्र ब्लॉकर पुन्हा चालू केल्याने थांबणार नाहीत. एखाद्या पानाने ‘सूचना पाठवू का’ असे विचारले असता ‘अलाउ’ दाबले गेले की ते संकेतस्थळ उघडलेले नसतानाही सूचना पाठवू शकते. ‘साइट सेटिंग्ज’मध्येच ‘नोटिफिकेशन्स’ हा वेगळा विभाग आहे. तिथल्या परवानगीच्या यादीत ओळखीचे नसलेले प्रत्येक नाव काढून टाकावे. सूचनांची गरजच नसेल तर कोणत्याही संकेतस्थळाला विचारू न देण्याचा पर्याय निवडावा.

यापुढे कधी चुकून फोन केला गेला किंवा पैसे गेले, तर संकोच न करता त्याच क्षणी इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढे सरकण्याआधी रोखता येतील की नाही, हे तक्रार किती लवकर पोहोचते यावर अवलंबून असते. फसवले जाण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाजेपोटी उशीर झाला तर मात्र नुकसान वाढते.

प्रश्न : आमच्या कंपनीचे जुने वेबमेल केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नीट चालत असे. आता त्याच्या विंडो कुठेच उघडत नाहीत.
— वास्को

उत्तर : विंडोज १० वरील इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’ या विभागात जुन्या पद्धतीने पाने उघडण्याची सोय चालू करता येते आणि आपला पत्ता तिथल्या यादीत घालता येतो. असा पत्ता ३० दिवसांनी यादीतून गळतो, म्हणून महिन्याभराने मेल पुन्हा अडला तर आश्चर्य वाटू देऊ नये. हा तात्पुरता आधार आहे. कंपनीने मेल नव्या प्रणालीवर न्यावा हेच योग्य.

प्रश्न : आयफोनवर मेलमधील दुवे उघडत नाहीत.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, मडगाव

उत्तर : सेटिंग्जमध्ये सफारी उघडून (नव्या आवृत्त्यांत ते ‘ॲप्स’च्या आत असते) ‘ब्लॉक पॉप-अप्स’ काम होईपर्यंत बंद करावे आणि लगेच पुन्हा चालू करावे. रोजच मेल पाहायचा असेल तर ब्राउझरऐवजी मेलचे ॲप वापरावे. तिथे ही अडचण येत नाही.

प्रश्न : पॉप-अपला परवानगी दिल्यावर गूगलच्या लॉगिनची छोटी विंडो आली. तिच्यावर पत्ताही बरोबर दिसत होता. तरी पासवर्ड टाकावा की नाही, असा प्रश्न पडला.
— फोंडा

उत्तर : शंका रास्त आहे. खऱ्या पॉप-अप विंडोवर पत्ता दिसतो. पण ठकसेन पानाच्या आतच विंडोचे हुबेहूब चित्र काढतात, आणि त्या चित्रात पत्ता, कुलपाचे चिन्ह, बंद करण्याची फुली असे सगळे रेखाटलेले असते. संगणकावर ओळखण्याची एक सोपी रीत आहे. ती छोटी विंडो वरच्या पट्टीने धरून मूळ ब्राउझरच्या चौकटीबाहेर ओढून पाहावी. खरी विंडो बाहेर निघते. चित्र असेल तर ते चौकटीच्या कडेला अडते किंवा तिथेच कापले जाते. ब्राउझर एरवी आपला पासवर्ड आपोआप भरत असेल आणि इथे भरत नसेल, तर तोही धोक्याचा इशारा समजावा. मोबाइलवर विंडो ओढून पाहता येत नाही. तिथे ती विंडो बंद करावी, नव्या टॅबमध्ये गूगलचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करावे आणि मगच मूळ पानावर परतावे. लॉगिन आधीच झालेले असल्यामुळे खरे पान सहसा पासवर्ड न विचारता केवळ खाते निवडायला सांगते.