स्फोटाच्या धक्क्यापासून बचावासाठी खिडकीच्या काचेवर सेफ्टी फिल्म लावली तर पुरते का?

नुसती फिल्म पुरत नाही. ती काच फुटणं थांबवत नाही, फुटलेले तुकडे धरून ठेवते. किमान १०० मायक्रॉनची, शक्यतो १७५-२०० मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म आतल्या बाजूने लावा. खरी गोची कडांना असते. फिल्म फक्त दिसणाऱ्या काचेपुरती असेल, तर दाब जास्त असताना अख्खं तावदानच निसटून आत फेकलं जातं. म्हणून फिल्मची कड स्ट्रक्चरल सिलिकॉनने (भार पेलणारा, रबरासारखा चिकट सीलंट) चौकटीला बांधायची. अर्थात चौकटच भिंतीत ढिली असेल तर सगळं व्यर्थ. लावताना मारलेलं पाणी सुकून पकड पूर्ण यायला जाड फिल्मला महिनाभर किंवा जास्तही लागतो. नवीन खिडकीच बसवायची असेल तर फिल्मच्या नादी लागू नका, लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांमध्ये पीव्हीबी या चिवट प्लॅस्टिकचा १.५२ मिमी थर असलेली काच, चौकटीच्या खोल खाचेत बसवून घ्या.